शेकराचा देश

वैशाखांत आमचा पुतण्या आठ दिवसांच्या रजेवर घरीं आला होता. तो पुण्यास पर्यावरणशास्त्र शिकतो. आमचें मूळ घर मुरुड तालुक्यांत, समुद्रापासून कोसभर आंत. पुढें नारळीपोफळींची वाडी, मागें डोंगराकडे चढत गेलेली वरकस जमीन. घर एक, चुली दोन आणि सातबाऱ्यावर नांवें नऊ. दुपारचीं जेवणें आटोपून मंडळी ओटीवर सुपारी कातरीत बसली असतां चिरंजीवांनीं झोपाळ्यावर लॅपटॉप उघडून कोंकणचा एक नकाशा दाखविला. नकाशावर बारीक बारीक चौकटी. कांहीं हिरव्या, कांहीं पिवळ्या, कांहीं करड्या.

"तात्याकाका, हा शेकराचा नकाशा. हिरवें तें त्याला मानवणारें, करडें तें न मानवणारें." त्यानें एक कळ दाबली आणि रंग सरकले. "हा एकवीस हजार वर्षांपूर्वींचा." दुसरी कळ दाबली. "हा २०७० सालचा, अंदाजानें."

काम सरावापुरतें होतें, त्यामुळें त्यांतले रंग येथें सांगून उपयोग नाहीं. पण आमच्या मातोश्रींनीं, ज्यांचें वय आतां नव्वदीकडे झुकलें आहे, चष्मा सांवरून विचारलें, "ह्यांत आपली वाडी कुठें रे?" नातवानें बोट ठेवलें. "आणि वरकस?" तेंही त्याच चौकटींत होतें, आणि चौकट हिरवी होती. ओटीवर एकदम शांतता पसरली. त्या वरकसावरचीं झाडें ठेकेदारास देण्याची बोलणीं आमचे धाकटे बंधू बापू ह्यांनीं त्याच आठवड्यांत केलीं होतीं. आणि त्या पैशांतून जी फी भरावयाची होती ती ह्याच नकाशा काढणाऱ्या चिरंजीवांची.

त्या प्रकरणाकडे मागाहून वळूं. आधीं प्राणी, मग नकाशा.

ज्या वाचकांनीं शेकरूं पाहिलें नाहीं त्यांनीं अंगणांतली पट्ट्यांची खार डोळ्यांपुढें आणावी आणि ती मांजराएवढी करावी. अंग सव्वा फुटाचें, शेपटी त्याहूनही लांब आणि झुपकेदार, वजन दीड ते दोन किलो. पाठ तांबूस तपकिरी, पोट सायीच्या रंगाचें. सारा व्यवहार दिवसाउजेडीं आणि झाडावर. मागच्या पायांनीं फांदीस उलटें लोंबकळून पुढच्या दोन हातांनीं फळ सोलून खाण्याची त्याची ऐट पाहण्यासारखी असते. वीस फुटांची उडी तें सहज घेतें, परंतु जमिनीवर क्वचितच उतरतें. उंचावरच्या बेचक्यांत काटक्या व पानें यांचीं मोठीं घरटीं बांधतें; तींही एकच नव्हे, अनेक. पिलूं बहुधा एका वेळीं एकच. महाराष्ट्र सरकारनें ह्याला राज्यप्राण्याचा मान दिला आहे. भीमाशंकरकडील शेकराच्या जातीस साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३१ सालीं मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचें नांव दिलें. साहेबांचें नांव कॉलेजास मिळालें हें सर्वांस ठाऊक आहे. खारीसही मिळालें हें थोड्यांस ठाऊक असेल.

आतां, अमुक प्राणी अमुक देशाचा हा विचार कांहीं नवा नव्हे. आपल्या वैद्यकानें जांगल, आनूप आणि साधारण असे देशाचे तीन प्रकार पूर्वींच केले. ह्यांतला जांगल म्हणजे आज आपण म्हणतों तें जंगल नव्हे, तर कोरडा, विरळ झाडांचा, उघडा मुलूख. आनूप तो पाणथळ. चरकानें त्याच्या वर्णनांत नारळीकेळींचीं वनें आणि समुद्राचें सान्निध्य घातलें आहे, तें वाचतांना आपली वाडीच डोळ्यांपुढें उभी राहते. सुश्रुतानें प्राण्यांचे वर्ग पाडतांना झाडांवर राहणाऱ्यांचा 'पर्णमृग' असा निराळा वर्ग केला, आणि त्यांत वानराबरोबर 'वृक्षशायिका' म्हणून एक प्राणी घातला आहे. कोशकार तिचा अर्थ खार असा देतात. वैद्यांना हा विचार मांसाच्या गुणदोषांसाठीं करावयाचा होता, हें खरें. तरी देश आणि प्राणी यांची सांगड त्यांनीं घातली होती.

चिरंजीवांच्या शास्त्रांत ही सांगड आंकड्यांनीं घालतात. आम्हांस ती पद्धति समजली ती अशी. लग्न जमवितांना आपण छत्तीस गुण पाहतों. हे लोक एकोणीस पाहतात. साऱ्या पृथ्वीचे किलोमीटरभर लांबीरुंदीचे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येक चौकोनाचे एकोणीस आंकडे काढून ठेवले आहेत: वर्षाची सरासरी उष्णता किती, कडक महिन्यांतली किती, वर्षाचा पाऊस किती, कोरड्यांत कोरड्या महिन्यांतला किती, इत्यादि. हायमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं हा सांठा 'वर्ल्डक्लिम' नांवानें प्रसिद्ध केला आणि तो कोणासही मोफत मिळतो. मग जेथें जेथें शेकरूं प्रत्यक्ष दिसलें तीं ठिकाणें अक्षांश-रेखांशांसह टिपतात. त्या ठिकाणांचे एकोणीस गुण पाहून संगणक शेकराची जणूं पत्रिका मांडतो, आणि मग तिच्याशीं उरलेल्या प्रत्येक चौकोनाची पत्रिका ताडून पाहतो. जुळेल तो हिरवा, न जुळेल तो करडा.

येथें आम्हीं मास्तरकीच्या संवयीनें एक शंका काढली. शेकरूं जेथें दिसलें तें टिपलें. जेथें नाहीं तें कसें टिपलें? पुतण्या हंसला आणि म्हणाला, हीच तर सर्वांत मोठी अडचण. आमच्या मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें, म्हणजे वस्तु न दिसणें ह्यावरून ती नाहीं असें ज्ञान होतें. परंतु अट घातली कीं ती वस्तु तेथें असती तर दिसलीच पाहिजे अशी परिस्थिति हवी. उजेडांत, मोकळ्या जमिनीवर घट दिसत नाहीं म्हणजे घट नाहीं. काळोखांत दिसत नाहीं म्हणजे कांहींच सिद्ध होत नाहीं. दाट झाडींत, साठ फुटांवर, पानांआड बसलेलें शेकरूं हें काळोखांतल्या घटासारखें आहे. म्हणून फिलिप्स, अँडरसन व शॅपायर ह्या तिघां अमेरिकन पंडितांनीं २००६ सालीं पुढें आणलेली 'मॅक्सेंट' नांवाची रीति 'नाहीं'चा आंकडा मागतच नाहीं. जेवढें निश्चित माहीत आहे तेवढें मानावयाचें, आणि जेथें माहीत नाहीं तेथें तराजू कोणत्याही बाजूस झुकवावयाचा नाहीं, असें तिचें तत्त्व. आम्हांस तें पटलें. तरी एक खोड राहतेच. माणसें जेथें जातात तेथेंच शेकरूं दिसतें. भीमाशंकरला यात्रा, माथेरानला सहलीचे लोक, फणसाडला पक्षी पाहणारे. म्हणून नोंदी तेथल्या. आमच्या वरकसावर जातें कोण? गुराखी आणि ठेकेदार.

मागच्या काळाचा नकाशा कसा निघतो, हें ऐकून तर आम्ही थक्क झालों. एकवीस हजार वर्षांपूर्वीं पृथ्वीवर हिमयुगाचा कडाका होता. इतकें पाणी बर्फांत अडकलें होतें कीं समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती. आमच्या मुरुडला तेव्हां किनाराच नव्हता. जंजिरा ज्या खडकावर उभा आहे तो कोरड्या मैदानांतला उंचवटा होता, आणि लाटा पाहण्यास पश्चिमेकडे कित्येक मजला करीत जावें लागलें असतें. पाऊसकाळही त्या वेळीं आजच्याहून दुबळा होता. ह्याला दाखला निलगिरीच्या दलदलींत सांपडला. तेथें हजारों वर्षांचा कुजका पाला थरावर थर सांठून राहिला आहे. झाडांच्या पाल्यांतला कार्बन आणि तेथल्या गवताच्या पातींतला कार्बन यांत सूक्ष्म फरक असतो. तो मोजून सुकुमार, रमेश, पंत व राजगोपालन यांनीं १९९३ सालीं दाखविलें कीं हिमयुगाच्या त्या कडाक्यांत तेथें कोरडा, गवताळ काळ होता आणि पुढें पाऊस वाढल्यावर तो पालटला. संगणकास त्या काळच्या हवामानाचे अंदाजी आंकडे दिले म्हणजे तो शेकराची पत्रिका त्यांच्याशीं ताडून पाहतो आणि त्या कोरड्या काळांत ओलीं रानें कोठें तग धरून राहिलीं असावीं तें सुचवितो.

ह्यांतून एक जुनें कोडें उलगडण्याचीही आशा आहे. शेकराच्या कुळांत चार जाती. एक आपली, दुसरी दक्षिण हिंदुस्थान व सिंहलद्वीपांतली, तिसरी आसामपासून जावापर्यंतची, चौथी मलाया, सुमात्रा, बोर्निओ येथली. मलबारकडच्या रानांत झाडाच्या ढोलींत राहणारा एक कांटेरी केसांचा उंदीर आहे, त्याचें वर्णन ब्लाइथनें १८५९ सालीं केलें; त्याचे जवळचे भाऊबंद चीन आणि व्हिएतनाम येथें! मधल्या हजारों मैलांत कोणी नाहीं. हीं ओल्या रानांतलीं कुटुंबें अशीं विभक्त कशीं झालीं? सुंदरलाल होरा ह्या प्राणिशास्त्रज्ञांनीं १९४९ सालीं मत मांडलें कीं एके काळीं सातपुड्याची रांग हाच पूल होता. तिच्यावरून पूर्वेकडचे प्राणी सह्याद्रींत उतरले. त्यांचा भर माशांवर होता आणि तें मत आज सर्वांना मान्य आहे असें नाहीं. पण मेळघाट आणि पंचमढी येथें आजही शेकरूं आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

हें झालें भूतकाळाचें. आजच्या नकाशाविषयीं मात्र आमचा पुतण्याशीं वाद झाला. त्याच्या नकाशांत आमच्या तालुक्याचा पुष्कळ भाग हिरवा. आम्ही म्हणालों, "अरे, ह्यांतल्या निम्म्या ठिकाणीं हल्लीं एक धड झाड उरलेलें नाहीं, तेथें शेकरूं राहील कशावर?" तो म्हणाला, "काका, हा हवामानाचा नकाशा. झाडांचा निराळा घालावा लागतो." म्हणजे पत्रिका जुळली एवढेंच. वधूवर एकमेकांच्या गांवीं पोंचूं शकतात कीं नाहीं, घर राहतें आहे कीं पडलें आहे, हें पत्रिका सांगत नाहीं. गुजरातेंतल्या डांगच्या रानांत फिकट रंगाचें शेकरूं असे. तें आतां नाहींसें झालें असें मानतात. तेथला पाऊस कांहीं कोठें गेला नव्हता.

फणसाडचेंच पाहा. आज जें अभयारण्य आहे तें जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें राखीव रान. शिकारीसाठीं राखलें म्हणून राहिलें, ही त्यांतली गंमत. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, १९८६ सालीं अभयारण्य झालें. आंत ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ, आणि हातहातभर शेंगांच्या गारंबीच्या वेली. पाणवठ्यांना तेथें 'गाण' म्हणतात, चिखलगाण, फणसाडगाण अशीं त्यांचीं नांवें. शेकरूं तेथें आहे. पण फणसाडपासून सह्याद्रीच्या मुख्य रांगेपर्यंत सलग रान नाहीं. मध्यें शेतें, गांवें, रोह्याचे कारखाने, कोंकण रेल्वे आणि मुंबई-गोवा रस्ता. जमिनीवर न उतरणाऱ्या प्राण्याला हें अंतर समुद्राइतकेंच रुंद. हिमयुगानंतर पाणी चढलें आणि जंजिरा बेट झाला. फणसाडचेंही बेट झालें आहे, फक्त तें आपल्या हातून झालें.

पुढच्या काळाचे नकाशे एक नसून अनेक असतात. जगानें कोळसा व तेल किती जाळलें तर हवेंत काय होईल, ह्याचे निरनिराळे हिशेब करून २०५० व २०७० ह्या सालांचे निरनिराळे नकाशे काढतात. उष्णता वाढेल ह्यावर सर्व हिशेबांचें एकमत. आपल्या पावसाविषयीं तितकें नाहीं. आणि ह्या एकोणीस गुणांत वाऱ्याचा गुण नाहीं. हें आम्हांस फार लागलें. ३ जून २०२० च्या दुपारीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर चढलें तेव्हां ताशीं एकशेंदहा ते एकशेंवीस किलोमीटरचा वारा होता. मुरुड-श्रीवर्धनकडच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या वाडींत आजोबांच्या हातचे नारळ होते. दोन तासांत त्यांतले सात उभे राहिले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं दाखविलें कीं अलीकडच्या दोन दशकांत अरबी समुद्रांतलीं वादळें वाढलीं आहेत. सरासरी काढून केलेल्या नकाशांत अशी एखादी दुपार दिसत नाहीं. झाडाला मात्र ती दिसते.

आतां वरकसाची हकीकत. दुसऱ्या दिवशीं पहांटे पुतण्या, आम्ही आणि बरेंच मन वळविल्यावर बापू असे तिघे वर गेलों. देवराईच्या खालून पऱ्ह्याच्या कांठानें ऐन, किंजळ, जांभूळ आणि चारदोन जुने रायवळ आंबे अशी ओळ उतरत येते. घरटीं पांच मोजलीं. त्यांतल्या एकाचीं पानें अजून हिरवीं होतीं. थोड्या वेळानें वरून 'कट्कट्कट्' असा आवाज झाला आणि शेकरूं दिसलें. तें फांद्याफांद्यांवरून खालीं वाडीच्या दिशेनें आलें, ओळ जेथें तुटते तेथल्या शेवटच्या ऐनावर थांबलें, शेपटी हालवीत बराच वेळ ओरडलें, आणि परत गेलें. समोर चाळीसपन्नास हातांची मोकळी जागा आहे. तेथलीं कांहीं झाडें वादळानें पाडलीं. उरलेलीं आम्हीं पाडलेल्यांबरोबरच विकलीं. त्या कागदावर बापूंच्या सहीखालीं आमचीही सही आहे. ठेकेदार म्हणाला होता, अर्धवट रान ठेवून काय करतां? आणि आम्हांसही त्या वेळीं तें खरें वाटलें.

बापू परततांना एवढेंच म्हणाले, "तात्या, तुम्हांला पेन्शन आहे. मला वाडी आहे, आणि ती अजून उभी राहिलेली नाहीं." ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं. नवीन लावलेला नारळ धरायला सहासात वर्षें लागतात. शिवाय शेकरूं कोंवळे नारळ फोडतें, ही आमच्या भावजयीची तक्रारही खोटी नाहीं. पुतण्या तर दोन दिवस धड जेवला नाहीं. फीचें काय तें मी पाहीन, म्हणाला, तेव्हां त्याची आईच त्याच्यावर रागावली.

शेवटीं तोड मातोश्रींनीं सुचविली. सगळें विकूं नका आणि सगळें ठेवूंही नका. पऱ्ह्याची ओळ देवराईपासून वाडीपर्यंत राहूं द्या, पलीकडच्या उतारावरचें काय तें द्या. ऐन, किंजळ, आंबा, जांभूळ हीं झाडें खासगी जमिनींत असलीं तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणें तोडण्यास परवानगी लागते. बापूंनीं अर्ज मागें घेऊन उतारावरच्या झाडांचाच नवा केला. ठेकेदारानें भाव पाडला. विसार दसऱ्यापर्यंत ठरला आहे. फीची निम्मी रक्कम आम्हीं आमच्या ठेवींतून द्यावयाची, असें चुलींचुलींत बोलणें होऊन ठरलें. मोकळ्या जागेंत जांभूळ आणि उंबर लावण्यासाठीं पावसापूर्वीं खड्डे घेतले. हीं झाडें एकमेकांस भिडेपर्यंत आम्ही असूं असा संभव कमी.

पुतण्यानें जातांना त्या ऐनाचे अक्षांश-रेखांश लिहून घेतले. त्याच्या नकाशांत आमच्या गांवचा तो पहिलाच बिंदु. जावयाच्या दिवशीं सकाळीं बापू गेरूचें डबडें घेऊन वर गेले आणि द्यावयाच्या झाडांवर फुल्या मारून आले. ओळींतलीं अकरा झाडें कोरीं ठेवलीं आहेत. बारावा ऐन ओळींत धरावयाचा कीं उतारावर, ह्याविषयीं बापू आणि त्यांचे चिरंजीव यांचा फोनवर अजून पत्रव्यवहार चालू आहे.